हातात कागद असलेला माणूस

रविवार, चार फेब्रुवारी, सकाळचे अकरा. ठिकाण वारज्यातल्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचे माझे घर. रक्कम दिवसाला सहा हजार रुपये, महिन्यातून किमान आठ दिवस, पैसे बिल दिल्यापासून नव्वद दिवसांनी. हजर चौघे: मालिका काढणाऱ्या कंपनीचा तिशीतला व्यवस्थापक, माझी बायको, मी, आणि ज्यांच्या कामाचे बोलणे चालले होते ते आमच्या खालच्या मजल्यावरचे काका.

खरे म्हणजे व्यवस्थापकाने साडेसहा हजारांपासून सुरुवात केली होती. मी सात सांगणार होतो. काकांनी मला त्याचसाठी बसवले होते; आपल्याला आकड्यांचे बोलता येत नाही, असे ते नेहमी म्हणत. मी कागदावर थोडी तयारीही केली होती. पण मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "सहा द्या. फक्त सीन मला आदल्या दिवशी संध्याकाळी मिळाला पाहिजे."

व्यवस्थापक हसला. "काका, आमच्याकडे लेखकालासुद्धा आदल्या दिवशी सीन माहीत नसतो."

"म्हणून तर पाचशे कमी सांगितले," काका म्हणाले.

तो पोहे खाऊन गेल्यावर मी त्यांना हिशेब सांगितला. महिन्याला आठ दिवस, दिवसाला पाचशे, म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस हजार तुम्ही हातचे घालवलेत. ते शांतपणे म्हणाले, "अठ्ठेचाळीस हजारांत वर्षभराच्या संध्याकाळी मिळाल्या की. स्वस्त पडल्या." मला ते तेव्हा नुसते विक्षिप्त वाटले. विक्षिप्त ते होतेच, त्यामुळे मी फार विचार केला नाही.

काका तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. लग्न केलेले नव्हते. एका कारखान्यातली स्टोअरकीपरची नोकरी त्यांनी एकेचाळिसाव्या वर्षी सोडली आणि टीव्हीवर कामे करू लागले. मी मार्केट यार्डात गुळाच्या एका अडत्याकडे हिशेब बघतो, आणि गेली सात वर्षे काकांचे प्राप्तिकराचे विवरण मीच भरत होतो. ते मला हिशेबनीस म्हणत. त्यांनी आपली सगळी बिले बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत वर्षवार लावून ठेवली होती. एका दिवाळीच्या सुट्टीत मी ती सगळी काढून यादी केली. कोणी सांगितले नव्हते, मला स्वस्थ बसवत नाही एवढेच. तीस वर्षांत चित्रीकरणाचे दिवस एक हजार एकशे बारा. त्यांपैकी डॉक्टर तीनशे चाळीस दिवस, न्यायाधीश एकशे नव्वद, वकील एकशे पाच, मुख्याध्यापक अठ्ठ्याण्णव, ज्योतिषी सत्तर. उरलेल्या दिवसांत बँकेचा मॅनेजर, पोस्टमन, रजिस्ट्रार, असे किरकोळ. एकाच मालिकेत सलग दहा दिवसांपेक्षा जास्त कुठेही नाही.

त्यांचे नाव कोणाला माहीत नसे, चेहरा सगळ्यांना माहीत असे. रस्त्यात कोणी थांबून म्हणे, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. ते म्हणत, "आयसीयूच्या दाराबाहेर." एकदा मंडईत एका बाईंनी त्यांना भाजीच्या पिशवीसकट अडवले आणि त्या अमक्या मालिकेतला तरुण मुलगा तुम्ही वाचवायला हवा होता, असे चांगले सुनावले. काकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, मला दोनच वाक्यं दिली होती. तिसरं दिलं असतं तर वाचवला असता." सोसायटीतल्या एका गृहस्थांनी जिन्यात विचारले, काय हो, या कामाचे किती मिळतात? काकांनी उलट विचारले, "तुम्हाला किती कमी पडतात?" ते गृहस्थ नंतर दोन महिने बोलत नव्हते. काकांच्या ते उशिरा लक्षात आले.

त्यांच्याकडे तीन कोट होते. पांढरा डॉक्टरचा, काळा वकील आणि न्यायाधीश दोघांना मिळून, आणि तपकिरी मुख्याध्यापकाचा. तिन्ही स्वतः इस्त्री करत. स्टेथोस्कोप स्वतःचा होता. कंपनीचे कपडे त्यांना चालत नसत. दुसऱ्याच्या घामाचा डॉक्टर आपल्याला जमत नाही, म्हणत. आपले काम टीव्हीवर ते कधी बघत नसत. ज्या दिवशी दाखवणार त्या दिवशी आठ वाजता आमच्याकडे येत, बायकोने दिलेला चहा घेत, आणि टीव्हीकडे पाठ करून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. प्रसंग संपला की माझ्याकडे बघून एकच प्रश्न विचारत, "शब्द कळले?" कळले म्हटले की कप ठेवून खाली जात. कसे झाले, चांगले दिसलात का, हे त्यांना ऐकायचेच नसे.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून आवडायची. प्रसंगात हातात धरायला म्हणून कोरा कागद दिला तर तो ते घेत नसत. डॉक्टरच्या हातातला केसपेपर, न्यायाधीशापुढची फाइल, ज्योतिषाच्या हातातली पत्रिका, सगळे ते स्वतः बारीक अक्षरात भरून काढत. कॅमेऱ्याला त्यातले काही दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. मला वाटे, हा माणूस आपल्या जातीचा आहे. रकाना मोकळा सोडवत नाही. चित्रीकरणाच्या लोकांतही त्यांच्या या नेमकेपणाचे कौतुक होते.

कौतुक चुकीचे होते, हे मला मे महिन्यात कळले.

पण त्याआधी चपलांबद्दल सांगायला हवे. पंधराएक वर्षांपूर्वी एका मालिकेत घरातल्या मोठ्या काकाचे काम करणारा नट आजारी पडला आणि त्याच्या जागी आठ दिवसांसाठी यांना बोलावले. शुक्रवारपर्यंत तो बसत होता त्या खुर्चीवर सोमवारी हे बसले. भिंतीवरच्या कुटुंबाच्या फोटोत त्याच्या धडावर यांचे डोके चिकटवले होते. कपडे बदलून दिले, पण दारातल्या त्याच्या चपला सगळ्या भागांत दिसलेल्या होत्या म्हणून त्याच घालायला लावल्या. त्या यांना दोन अंकांनी लहान होत्या. "घरातल्या कोणालाही फरक पडला नाही," काका मला म्हणाले होते. "सून चहा घेऊन आली, मुलगा पाया पडला. लोकांनासुद्धा दोन दिवसांत सवय झाली. तिसऱ्या दिवशी त्या नटाचा फोन आला. म्हणाला, चांगलं करतोयस." मग म्हणाले, "काम संपलं तर संपावं. पण मी जिवंत असताना माझ्या चपला कोणी घालू नयेत. एवढंच."

म्हणून हे आजोबांचे काम त्यांच्या दृष्टीने किती मोठे होते ते मला समजत होते. बदली नाही, दोन वाक्यांचा डॉक्टर नाही. पहिल्या भागापासून त्यांचेच आजोबा. नातीवर जीव असलेले, घराच्या वाटणीला विरोध करणारे, रोज पानभर बोलणारे. चित्रीकरण भोरच्या रस्त्याला भाड्याने घेतलेल्या एका बंगल्यात, आमच्यापासून सत्तेचाळीस किलोमीटरवर.

सीन आदल्या संध्याकाळी येत, निदान पहिले काही महिने. आले की काका वर येत, मोबाइल माझ्या हातात देत आणि समोर बसत. त्यांची वाक्ये सोडून बाकी सगळ्यांची मी वाचायची, नातीची, सुनेची, मुलाची. मला वाचता येते, पण वाचण्यात काही घालता येत नाही. "आजोबा, तुमच्याशिवाय मी कशी राहू" हे वाक्य मी "सोमवारी पाणी येणार नाही" अशा आवाजात वाचत असे. बायको पीठ मळता मळता हसून बाहेर यायची. ती कॉलेजात नाटकात होती. तिने एकदा सांगितले, काका, मी वाचते, याच्यात काही जीव नाही. काका म्हणाले, "नको वहिनी. तुम्ही अभिनय करता. मला समोर भिंत हवी." मला भिंत म्हटल्याचे वाईट वाटले नाही. भिंत सरळ असते.

मे महिन्यातल्या त्या दिवशी त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून मी रजा टाकून त्यांना गाडीने घेऊन गेलो. चित्रीकरण मी प्रथमच पाहत होतो. दिग्दर्शिका पस्तिशीतली मुलगी होती, भराभर बोलणारी, पण काकांना अहो म्हणणारी. प्रसंग असा, नात नोकरीसाठी घर सोडायचे म्हणते आणि आजोबा तिला समजावतात. काकांच्या हातात वर्तमानपत्र होते. पहिला टेक झाल्यावर दिग्दर्शिका म्हणाली, "काका, पेपर नको ना. तिच्या डोळ्यांत बघून बोला." त्यांनी पेपर खाली ठेवला नाही. तिने येऊन तो हळूच काढून घेतला. मला त्या पेपराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दिसला, त्यांच्या बारीक अक्षराने भरलेला.

पुढचे सात टेक मी मोजले. नातीचे काम करणारी मुलगी चांगली होती. तिचा आवाज भरून येई, ओठ थरथरत, डोळ्यांत पाणी येई, आणि वाक्य संपले की ती काकांकडे बघे. काका तिच्याकडे बघत. त्यांचे वाक्य येत नसे. आदल्या संध्याकाळी हेच अठरा ओळींचे बोलणे त्यांनी माझ्यासमोर तीनदा न चुकता म्हटले होते. सातव्या टेकनंतर दिग्दर्शिकेने सगळ्यांना चहा सांगितला. चहाची वेळ व्हायला अजून एक तास होता.

काका बंगल्याच्या मागच्या पायरीवर बसले होते. मी शेजारी बसलो. तेव्हा त्यांनी सांगितले. आठ वर्षे झाली, वाक्ये राहत नाहीत. "शब्द येतात, पण बसत नाहीत. उभ्या उभ्या जातात." म्हणून त्यांनी आठ वर्षे फक्त हातात कागद असलेली कामे घेतली होती. केसपेपरवर, फायलीत, पत्रिकेत, सगळीकडे त्यांचीच वाक्ये लिहिलेली असत. कागद नसेल ते काम तारखा नाहीत सांगून सोडून देत. आजोबांचे काम मात्र सोडवले नाही. संध्याकाळ मिळाली तर जमेल, असे त्यांना वाटले होते.

मी म्हटले, पण काल जमले होते की.

"काल तुम्ही वाचत होतात," ते म्हणाले. "तुमच्या आवाजात विचारलं की माझं वाक्य सापडतं. ही पोरगी इतकं सुंदर बोलते की मला वाटतं, हे मी कधी ऐकलेलंच नाही."

चूक माझी होती. तीन महिने प्रत्येक तालमीला मी त्यांना एकाच सपाट आवाजाची सवय लावली होती, आणि त्यांची सगळी वाक्ये त्या आवाजाला टांगली गेली होती. दुसऱ्या कोणाजवळ तो आवाज नव्हता.

मी जाऊन दिग्दर्शिकेला जे आहे ते सांगितले. मला गोलगोल बोलता येत नाही. तिने ऐकले, थोडा वेळ नखे बघितली आणि विचारले की तुम्ही वाचाल का? त्या कामाची पद्धत अशी आहे की एकाचा चेहरा जवळून घेतात तेव्हा समोरचा नट कॅमेऱ्याशेजारी उभा राहून नुसती आपली वाक्ये म्हणतो. त्याला ते क्यू देणे म्हणतात. ती जागा मला दिली. मी चष्मा लावला, कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला उभा राहिलो आणि पाणी येणार नाही त्या आवाजात म्हणालो, "आजोबा, मला अडवू नका. मी लहान नाही आता."

दिवे धरणारे दोघे तोंड फिरवून हसत होते, त्यांचे खांदे हलताना मला दिसले. पण काकांचा चेहरा बदलला. माझ्याकडे, पन्नाशी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाकडे त्यांनी असे बघितले की मला खाली बघावेसे वाटले. अठराच्या अठरा ओळी झाल्या. शेवटच्या ओळीला त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि ती मुलगी माझ्या मागे उभी राहून खरेच रडत होती. त्यानंतर कोणी हसले नाही.

मग मी जाऊ लागलो. मेपासून ऑक्टोबरपर्यंत तेवीस दिवस. हक्काच्या रजा चौदा होत्या, त्या संपल्यावर नऊ बिनपगारी घेतल्या. आमच्या शेठनी विचारले, तिथे तुम्ही करता काय? मी सांगितले, नात होतो. शेठच्या घरी ती मालिका बघत असत. त्यांनी नववी रजाही मंजूर केली.

मधेच मी काकांना सदाशिव पेठेत एका मेंदूच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी त्यांना लगेच ओळखले. तीन शब्द सांगितले, पाच मिनिटांनी विचारतो म्हणाले. पाच मिनिटांनी काकांनी विचारले, "कागद मिळेल का?" डॉक्टर हसले, मग हसायचे थांबले. बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले की हे वाढत जाणार, गोळ्यांनी थोडे सावकाश होईल इतकेच. काका रिक्षात बसल्यावर म्हणाले, "उभं राहण्याची पद्धत चांगली आहे त्याची. वाक्य मात्र लांबवतो. वाईट बातमी दोन वाक्यांत सांगायची असते." तीनशे चाळीस दिवसांचा अनुभव होता, मी वाद घातला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी माझ्या आवाजालाही वाक्ये येईनाशी झाली. आधी दोन गळाली, मग पाच. एका प्रसंगाला अर्धा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शिकेचा मला फोन आला. वाहिनीने सांगितले आहे, आजोबा बदला. नवे नट ठरले आहेत, गुरुवारी येत आहेत. तिचा आवाज नेहमीसारखा भराभर नव्हता. मी तिला चपलांची गोष्ट सांगितली. तिने ती ऐकून घेतली. मग म्हणाली, एक करता येईल. गुरुवारी सकाळी मी काकांचा एक निरोपाचा प्रसंग लावते. आजोबा गावी निघाले, असा. तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत पूर्ण झाला तर मी वाहिनीला सांगेन की आजोबांची गोष्टच संपली, बदलायला कोणी उरलं नाही. नाही झाला, तर माझ्या हातात काही नाही.

मी हे सगळे काकांना तसेच सांगितले. ते म्हणाले, "किती ओळी?" मी म्हटले, अकरा. ते म्हणाले, "बसा."

बुधवारी संध्याकाळी आम्ही अकरा ओळी सव्वीस वेळा म्हटल्या.

गुरुवारी बंगल्यावर पोचलो तेव्हा नवे नट ओसरीत बसले होते. काकांच्याच वयाचे, अंगाने तेवढेच. मनाने चांगले असावेत, कारण काका दिसताच उठून उभे राहिले. काकांनी हात मिळवला, त्यांच्या पायांकडे बघितले आणि म्हणाले, "नऊ नंबर?" ते म्हणाले, आठ. काका म्हणाले, "मग सैल होतील." आणि आत गेले.

प्रसंग साधा होता. दारात आजोबा पिशवी घेऊन उभे, आत नात. लांबून घ्यायचे ते घेऊन झाले. मग कॅमेरा काकांच्या चेहऱ्याजवळ लागला आणि मी माझ्या जागेवर उभा राहिलो. साडेबारा वाजले होते. जेवणाची सुट्टी दीडला.

पहिल्या टेकला तीन ओळी. दुसऱ्याला चार. तिसऱ्याला आठ झाल्या, न अडखळता, आणि नववीला ते थांबले. मी क्यू दिला. त्यांनी माझ्याकडे बघितले. मी पुन्हा दिला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते, रिकामी खोली असावी तसे. एक वाजून वीस मिनिटे झाली होती. दिग्दर्शिका कट म्हणत नव्हती. पुन्हा पहिल्यापासून करायला वेळ उरलेला नाही, हे तिला कळत होते, मला कळत होते, आणि ओसरीतल्या त्या गृहस्थांनाही कळत असावे.

हातातल्या कागदावर पुढे जे वाक्य होते ते म्हणून उपयोग नव्हता. समोर एक म्हातारा माणूस पिशवी घेऊन दारात उभा होता, एवढेच मला दिसत होते. घरातले कोणी बाहेरगावी निघाले की मी जे विचारतो ते मी विचारले, त्याच आवाजात.

"गॅस बंद केलात?"

काकांनी डोळे मिचकावले. "केला."

"दूधवाल्याला सांगितलंत?"

"सांगितलंय. सोमवारपासून नको म्हणून."

"किल्ली?"

त्यांनी खिसा चाचपला. खिशात खरेच त्यांच्या वारज्याच्या घराची किल्ली होती. ती त्यांनी काढली, तिच्याकडे बघितले आणि हात पुढे केला. "तुझ्याकडे असू दे," ते म्हणाले. सात वर्षांत त्यांनी मला कधी अरेतुरे केले नव्हते. ते मला म्हणाले की नातीला, मला आजही सांगता येणार नाही.

"परत कधी?" मी विचारले. हेही मी सगळ्यांना विचारतो.

ते थोडे हसले. "कळवतो," म्हणाले. आणि वळून पायऱ्या उतरले. गुडघा धरून, एकेक पायरी, कॅमेऱ्यातून बाहेर, थेट माझ्या गाडीपर्यंत. एक वाजून चोवीस मिनिटांनी दिग्दर्शिकेने कट म्हटले. नुसते म्हटले, ओरडली नाही.

माझा आवाज त्यांनी नंतर काढून टाकला. जेवणानंतर त्या मुलीला उभे करून तिच्याकडून तेच प्रश्न म्हणवून घेतले: गॅस, दूध, किल्ली, परत कधी. दिग्दर्शिकेने तिला एकच सूचना केली की रडू नकोस, यांनी विचारलं तसं विचार. नवे नट दुपारच्या गाडीने परत गेले. जाताना काकांच्या पाया पडले. वय सारखे असल्यामुळे काकांना ते आवडले नाही.

तो भाग दाखवला त्या दिवशी काका आमच्याकडे आले आणि नेहमीप्रमाणे पाठ करून दारात उभे राहिले. सोसायटीतल्या दोनतीन बायकाही बसायला आल्या होत्या. प्रसंग संपल्यावर त्यांतल्या एकीने डोळे पुसत म्हटले, काय लिहितात हो ही माणसं, अगदी घरातलं. बायकोने माझ्याकडे बघितले. मी रिमोट शोधत होतो. काकांनी विचारले, "शब्द कळले?" मी म्हटले, कळले. त्यांनी कप ठेवला, पण लगेच खाली गेले नाहीत. दारातूनच म्हणाले, "त्या मुलीनं चांगलं विचारलं."

डिसेंबरात त्यांची सांगलीची भाची त्यांना घेऊन गेली. तीन कोट त्यांनी नेले. अधूनमधून फोन होतो. मी बोललो की ओळखतात. बायको बोलली तर जरा वेळ लागतो.

शेवटच्या दिवसाचे बिल काकांनी जायच्या आधी स्वतः लिहून कंपनीकडे दिले होते. मला ते माहीत नव्हते. सत्त्याण्णव दिवसांनी, म्हणजे ठरल्यापेक्षा सात दिवस उशिरा, माझ्या खात्यात पाच हजार चारशे रुपये आले. मला वाटले कंपनीची चूक झाली. पैसे परत करावेत म्हणून मी व्यवस्थापकाला फोन केला. त्याने बिलाची प्रत पाठवली. अक्षर बारीक, काकांचे. एकही रकाना मोकळा नव्हता. दिवसाची रक्कम सहा हजार, वजा कर सहाशे. एवढ्या रकमेवर कर कापायची खरे तर गरज नव्हती. मी तो विवरणात परत मागितला आणि जुलैत मिळाला. म्हणजे शेवटी दिले गेले ते पूर्ण सहा हजार. ते दिले मला. कलाकाराचे नाव या रकान्यात माझे नाव होते, आणि त्याखाली, भूमिका या रकान्यात, त्यांनी लिहिले होते: नात.